नीलव्वाचं खातं

ह्या सदरातले तुमचे अनुभव मी नेमानं वाचते. दुपारी डोळा लागावा म्हणून. राग मानू नका, पण कुणाला घाटात पांढरी साडी दिसली, कुणाच्या मागं पैंजण वाजले, की मला अशी गाढ झोप लागते म्हणता… थेट चहाच्या वेळेलाच जाग. सोनारीच्या भैरोबाला मी जत्रेतल्या रेवड्यांसाठी जाते असं माझी सून सगळ्यांना सांगते, आणि ती खोटं बोलत नाही. तर अशा बाईवर आज तुमच्या पंगतीत बसायची पाळी आली आहे. हसा खुशाल. दुसऱ्या कुणी हे लिहिलं असतं तर मीही हसले असते.

माझ्या गोष्टीत घाट नाही, स्मशान नाही, अमावस्या तर नाहीच. जे झालं ते दिवसाढवळ्या, डोक्यावर पंखा फिरत असताना, एका वेबसाइटच्या ‘युजर्स’ नावाच्या पानावर झालं.

जागा नीट सांगते, म्हणजे मागाहून शंका नकोत. वाशी, जिल्हा धाराशिव. बाजारात आमचं किराण्याचं दुकान आहे. दुकानाच्या मागं एक खोली आहे, तिला अजून सगळे गुळाची खोली म्हणतात, कारण पूर्वी तिथं गुळाच्या ढेपा रचलेल्या असायच्या. आता ढेपा गेल्या, पण उन्हाळ्यात भिंतींना अजून वास येतो आणि मुंग्यांनी अजून आशा सोडलेली नाही. ह्या खोलीत खिडकीशी टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटरसमोर मी. सुमन. तालुक्याच्या एका कचेरीत टायपिस्ट म्हणून राबून रिटायर झालेली आजी.

माझी नात सायली पुण्यात वेबसाइटी बनवायची. एका दिवाळीत ती म्हणाली, "आजी, तू आणि तुझ्या मैत्रिणी दुपारभर गाणी म्हणता, येळवशीच्या सणाला भज्जीत काय घालायचं त्यावरून भांडता, ते सगळं वाया चाललंय." तिनं वेबसाइट उभी करून दिली. नाव ठेवलं ‘दुपार’. मला अ‍ॅडमिन केलं. मग नवऱ्याबरोबर जर्मनीला निघून गेली, आणि मी आणि ती वेबसाइट अशा दोघीच मागं राहिलो.

अ‍ॅडमिन म्हणजे काय, तर कमरेला किल्ल्यांचा जुडगा असलेली बाई. प्रत्येकीचं खातं मी उघडून द्यायचं. पासवर्ड विसरल्या की नवा मी द्यायचा. आणि त्या विसरायच्याच. आमची सरूबाई, बांगड्यांचं दुकान चालवते ती, पहिल्याच दिवशी साइटशी भांडली. तिनं पासवर्ड टाकला — येडेश्वरी. साइटनं लाल अक्षरात सांगितलं, पासवर्ड कमजोर आहे.

"कोण म्हणतंय कमजोर?" सरूबाई खुर्चीतनं उठलीच. "आईचं नाव कमजोर? त्याला म्हणावं येरमाळ्याला ये चैत्रात, दावते!"

शेवटी देवीच्या मागं एक आकडा आणि एक चांदणी लावली, तेव्हा साइटचं समाधान झालं. सरूबाईचं अजून झालेलं नाही. दुसरी एक ‘पूर्ण नाव’ ह्या चौकटीत मालकांचं नाव लिहायला तयार होईना. म्हणाली, जे तोंडानं घेत नाही ते बोटानं कसं घेऊ? मग ते मी टाइप केलं. टायपिस्टला काय… कुणाचाही नवरा टाइप करते.

आता अक्का. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. सुलोचना. माहेर उमरग्याकडं, कर्नाटकाच्या वेशीवर. तिकडं बाजारात मराठी आणि घरात कानडी. आम्ही दोघींनी सगळं आयुष्य एका घरात काढलं आणि दोघींचेही मालक आमच्याआधी गेले. उरल्या दोन म्हाताऱ्या — एक टाइप करणारी, एक गाणारी.

अक्कांचं खातं उघडताना मी युजरनेम टाकलं, सुलोचना. खाली बारीक अक्षरांत सूचना आली की हे नाव नंतर बदलता येणार नाही. मी ती मोठ्यानं वाचून दाखवली. अक्का चष्मा कपाळावर चढवून पडद्याकडं बघत राहिल्या.

"ते माजं नाव न्हाय," म्हणाल्या.

"मग काय शेजारणीचं आहे?"

"तुमी लोकांनी ठिवलेलं हाय. तांदळात आंगठीनं लिवून."

त्या काळी लग्नात नवरीचं नाव बदलायची रीत होती. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं नवं नाव लिहायचा, आणि जुनं नाव माहेरच्या उंबऱ्यात राहायचं. माझं सुमन सासरी पसंत पडलं म्हणून वाचलं. मी विचारलं, "मग आधीचं काय होतं हो अक्का?"

"आता कशाला," अक्का म्हणाल्या. "त्येला कुटं बदलता येतंय." आणि हसल्या.

मीही पुढं विचारलं नाही. मला ‘सेव्ह’ दाबायची घाई.

अक्कांना लिहायचं नव्हतं, गायचं होतं. दुपारी गुळाच्या खोलीत बसून त्या भुलईची, पंचमीच्या फेराची, जात्यावरची गाणी म्हणायच्या, मी माझ्या फोनवर भरून घ्यायची आणि त्यांच्या खात्यातून साइटवर चढवायची. चढवलं की फोनमधलं पुसून टाकायची, कारण माझ्या फोनची सगळी जागा लोकांनी पाठवलेल्या गुड मॉर्निंगच्या गुलाबांनी खाल्लेली.

एकच गाणं त्यांनी दिलं नाही. त्याची कथा सांगायला मला त्या वेळच्या सुमनची ओळख करून द्यावी लागेल, आणि ती बया ओळख करून देण्याच्या लायकीची नव्हती.

मी ह्या घरात आले ती बार्शीतला टायपिंगचा क्लास अर्धा टाकून. दोन वेण्या, कपाळाला आठी, आणि आपण सोडून सगळं जग अडाणी असा चेहरा. परीक्षा देणारच म्हणून हटून बसले. वडलांनी क्लासवाल्याची मनधरणी करून एक जुनी मराठी मशीन परीक्षेपुरती मिळवली, ती गोधडीत गुंडाळून बैलगाडीतून इथं, ह्याच खोलीत आली. गल्लीतल्या बायका मशीन बघायला लोटल्या. मला वाटलं, मला बघायला आल्यात. मी पदर नीट करून बसले!

रोज दुपारी ढेपांच्या मधे बसून मी एकच पत्र बडवायची. ‘महोदय, वरील विषयास अनुसरून…’ डाव्या करंगळीत जोर नव्हता. ‘अनुसरून’पाशी आलं की अडखळायची, थांबायची, तेच अक्षर पुन्हा हाणायची आणि मग सुसाट सुटायची. रोज त्याच शब्दाला. कडबाकुट्टीत खडा अडकावा तसा आवाज. आणि मनात काय, तर कलेक्टरसाहेब जीप पाठवून मला बोलावणार.

तेव्हा अक्कांची रेखा अंगावर पिणारी होती. अक्का त्याच खोलीत आढ्याला झोळी बांधून तिला निजवायच्या, आणि निजवताना स्वतःच्या आईचं कानडी गाणं म्हणायच्या. जोगुळ म्हणतात तिकडं, पाळण्याच्या गाण्याला. मला त्यातलं ‘जो जो’ तेवढं कळायचं. पण आत्याबाईंना, म्हणजे आमच्या सासूबाईंना, घरात कानडी खपायची नाही. आपल्याला न कळणाऱ्या भाषेत सून आपल्यालाच शिव्या देते अशी त्यांची पक्की खात्री. मग अक्कांनी तोड काढली.

"सुमे, बडव गं तुजी मशीन," म्हणायच्या.

मी बडवायची, त्या गायच्या. पलीकडं दुकानात बसलेल्या आत्याबाईंना नुसती टकटक ऐकू जायची आणि धाकटी सून किती कष्टाळू म्हणून त्या गिऱ्हाइकांना सांगायच्या. ओळ संपली की मशीनची घंटी वाजायची, तिनं रेखा दचकायची. म्हणून अक्कांनी घंटीत जुन्या लुगड्याची चिंधी कोंबली. त्यापुढं ती घंटी ‘टिंग’ म्हणायच्या जागी ‘धप्’ म्हणायची, उशीवर बुक्की मारल्यासारखी. परीक्षा झाली, मशीन परत गेली, आणि ते गाणंही गेलं. इतक्या वर्षांनी साइटसाठी मी ते मागितलं तर अक्का म्हणाल्या, "मशीनबिगर न्हाय यायचं मला ते. मशीन आण, मग म्हणते."

"अक्का, तसली मशीन आता भंगारात पण मिळत नाही."

"मग ऱ्हाऊ दे की."

राहिलं.

मागच्या उन्हाळ्यात अक्का दुपारी आडव्या झाल्या त्या उठल्या नाहीत. मीच चहा घेऊन गेले होते. पायाला हात लावला आणि कळलं. दुकानात जाऊन माझ्या पोराला सांगितलं. परत आले, आणि तो चहा मी पिऊन टाकला — निवत होता म्हणून. नंतर बायका आल्या, गळ्यात पडल्या, मोकळं हो गं म्हणाल्या. मला काही होईना. दाढ काढताना डॉक्टर सुई देतो ना, मग गाल आपलाच असतो पण आपला वाटत नाही, तसं सगळं अंग. कुणीतरी कुजबुजलं, जावाजावांचं पटत नसंल. मला त्याचंही काही वाटलं नाही.

रेखा लातूरला दिलेली. ती पोचली तेव्हा आई बोलणारी नव्हती. माती दिल्यावर काही दिवसांनी तिचा फोन आला.

"काकू, आमच्याकडं आईचा एक व्हिडिओ न्हाय हो. फोटोत ती तोंड मिटून बसलेली. तुमच्या साइटवरची गाणी तेवढी हायत. मी रोज भाकरी करताना लावते. तेवढ्यापुरती आई घरात असती बघा."

"ऐक की," मी म्हणाले. "साइट कुठं पळून जात नाही."

मी म्हणाले असं. मीच.

शिवगणाराधना वगैरे दिवसांचं सगळं रीतीप्रमाणं झालं, आणि मग सरूबाई आली.

"सुमनताई, सुलोचनाबाईच्या नावाम्होरं कै. न्हाय. जित्या माणसागत नाव दिसतंय साइटीवर. वर हिरवा ठिपका बी हाय, हजर असल्याचा."

"अगं तो ठिपका माझा आहे. मी त्यांच्या खात्यातून आत गेले होते."

"मंग ते तर लईच वाईट."

आम्हा लिंगायतांत कैलासवासी नाही, लिंगैक्य म्हणतात. पण हे सरूबाईला कोण समजावणार? आणि तिचं एका अर्थी बरोबरच होतं. गेलेल्या माणसाच्या नावाआधी काहीतरी लागतं. पत्रिकेत लागतं, फोटोखाली लागतं. साइटवर का नको? पण युजरनेम बदलता येत नाही हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. मग मी कचेरीतलं डोकं चालवलं. जुनं खातं काढायचं आणि नवं उघडायचं, नावाआधी कै. लावून. (मागाहून सायलीनं सांगितलं की लोकांना दिसणारं नाव वेगळं असतं आणि ते केव्हाही बदलता येतं. एका चौकटीचं काम होतं!)

मी ‘डिलीट’ दाबलं. साइटनं विचारलं, ह्या युजरच्या मजकुराचं काय करायचं — सगळा पुसायचा, का दुसऱ्या कुणाच्या नावावर करायचा? किती शहाणा प्रश्न. पण टायपिस्टला पहिला धडा काय देतात, तर मशीनकडं बघायचं नाही, शेजारच्या कागदाकडं बघायचं. माझी नजर कागदावर होती. त्यावर मी नवं नाव वळणदार अक्षरात काढून ठेवलं होतं. आणि बोटानं एन्टर हाणलं.

मान वर केली तेव्हा यादीत सुलोचना नव्हती. गाण्यांच्या पानावर गेले तर तेही रिकामं. अक्कांचं एकूण एक गाणं.

सायलीला फोन लावला. तिकडं ती जेवत होती, घास तोंडात ठेवूनच बघू लागली.

"घाबरू नको आजी, बॅकअप असतो… थांब हं… आजी, ह्यात नुसता मजकूर आहे. ऑडिओ बॅकअपमध्ये घेतलाच नव्हता, जागा पुरत नव्हती." मग होस्टिंगवाल्यांना विचारून दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "त्यांच्याकडंही नाही."

"म्हणजे?"

"गेलं, आजी."

पुन्हा तीच दाढेची सुई. मी फोन ठेवला आणि तूरडाळ निवडायला बसले.

त्याच दुपारी रेखाचा फोन. "काकू, गाणं लागंना."

"साइट दुरुस्तीला काढलीय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "काकू, झाली का दुरुस्त?" मग रोज. कधी नुसता मेसेज, ‘काकू?’ एवढाच. मी दर वेळी काहीतरी ठोकून द्यायची — अपडेट चाललाय, प्लगिन बिघडलाय. तिला प्लगिन म्हणजे काय ठाऊक नव्हतं, बिचारी "बरं बरं, काळजी घ्या" म्हणायची. जणू मलाच ताप आलाय. शेवटी मी म्हणाले, "रेखा, एकदा येऊन जा."

ती आली. लातूरहून येरमाळ्यापर्यंत एसटीनं, तिथनं जीपनं. घामेजलेली, हातात पिशवी. सून दुकानात होती. मी रेखाला गुळाच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं आणि सांगून टाकलं.

"रेखा, आईची गाणी माझ्या हातनं पुसली गेली."

तिनं तांब्या खाली ठेवला. "सगळी?"

"सगळी."

"तुमच्या फोनात असतील की."

"फोनात गुलाब आहेत."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. खाली मान घालून पिशवीच्या बंदाला पीळ देत बसली. मग म्हणाली, "मला दाखवा. कुठं होतं आईचं नाव, ती जागा तरी दाखवा."

म्हणून मी कॉम्प्युटर लावला. लॉगिन केलं, ‘युजर्स’चं पान उघडलं. सरूबाई, बाकीच्या बायका, सगळ्या ओळीनं. मी म्हणाले, "ही बघ, इथं होती…" आणि थांबले. यादीच्या शेवटी एक नाव होतं, जे मी टाकलेलं नव्हतं.

नीलव्वा.

मला वाटलं कुणीतरी चोर घुसलाय. असली परकी खाती साइटवर येत असतात, कुठून कुठून, औषधाच्या गोळ्या विकायला. ती दिसली की लगेच उडवायची, सायलीनं शिकवलंय. मी बाण ‘डिलीट’वर नेला. तेवढ्यात रेखानं माझं मनगट धरलं. असं धरलं की बांगडी रुतली.

"काकू… हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोण आहे ही?"

"आई."

मी तिच्याकडं बघत राहिले.

"आईचं माहेरचं नाव. मामा म्हणायचा तिला, मीच ऐकलंय लहानपणी. मामा जाऊन पण वर्षं झाली. आईनं मला शपथ घातली होती, वाशीच्या घरात बोलायचं न्हाय म्हणून. तुम्हाला कसं कळलं?"

"मला नाही कळलं," मी म्हणाले. आणि खरंच, मला ते नाव त्या क्षणी पहिल्यांदा कळत होतं. एका घरात आयुष्य काढून.

मी बाण ‘डिलीट’वरून काढला. आता नीट वाचलं, आयुष्यात पहिल्यांदा मशीनकडं बघून वाचलं. नावापुढं ईमेलचा रकाना कोरा. आमची साइट ईमेलशिवाय खातं उघडूच देत नाही. त्यापायी मी अर्ध्या बायकांची ईमेल स्वतः काढून दिलीत. पुढं, भूमिका: लेखक. त्याच्या पुढं पोस्टचा आकडा. अक्कांच्या खात्यावर जेवढ्या पोस्ट होत्या, त्याहून एक जास्त.

मी आकड्यावर दाबलं. गाणी होती. भुलईची, पंचमीची, जात्यावरची… मी दिलेल्या नावांसकट, मी केलेल्या टायपिंगच्या चुकांसकट. रेखानं तोंडाला पदर लावला. सगळ्यांत वर एक पोस्ट होती, तिला नाव नव्हतं. नुसती ऑडिओची पट्टी.

"लावा," रेखा म्हणाली.

लावलं. आधी नुसतीच खरखर. मग आवाज आला. कानडी. जो जो. आवाज अक्कांचा होता, पण म्हाताऱ्या अक्कांचा नाही, ज्यांच्यासाठी मी चहा घेऊन गेले त्यांचा नाही. तरण्या अक्कांचा. तो आवाज कसा होता हे मी विसरले आहे, हेच मी विसरले होते. मधेच एक तान्हं पोर कुरकुरलं, आणि हळूहळू गप झालं.

"ते पोर…" रेखा म्हणाली.

"तू."

गाण्याच्या मागं, सगळा वेळ, काहीतरी वाजत होतं. रेखानं कान पुढं केला.

"ही टकटक कसली हो काकू? पत्र्यावर पाऊस पडतोय का?"

"नाही," मी म्हणाले. "मी आहे."

टकटकटकटक. मग अडखळली. थांबली. एक अक्षर पुन्हा हाणलं. मग सुसाट. ओळ संपली, आणि धप्. चिंधीतली घंटी. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा त्याच जागी तोच खडा. इतकं वाईट टाइप करणारी बाई ह्या तालुक्यात एकच होती, आणि ती माझ्याच खुर्चीत बसून ऐकत होती.

गाणं संपलं. रेखा रडत होती, आणि रडता रडता तिला हसू फुटलं. "काकू, एवढं वंगाळ बडवत होता तुम्ही? आणि नोकरी कशी लागली?"

"कलेक्टरनं जीप पाठवली होती," मी म्हणाले.

आता तुम्ही विचारणार ते सगळे प्रश्न मी विचारून झालेत. सायलीनं तिकडून सगळं तपासलं. म्हणाली, "आजी, ईमेलशिवाय खातं तयारच होत नाही. कुणीतरी मागच्या दारानं, थेट डेटाबेसमध्ये घातलं असेल."

"त्या दाराची किल्ली कुणाकडं असते?"

"माझ्याकडं आणि…"

"आणि?"

"माझ्याकडंच."

तिनं घातलेलं नाही. ती माझी नात आहे, खोटं बोलली तर मला आवाजावरून कळतं. आणि नाव तिला ठाऊक नव्हतं, मलाच नव्हतं. ठाऊक होतं रेखाला, आणि रेखाला अजून फोनवरचा फोटो पुढं पाठवता येत नाही. खातं कधी तयार झालं त्या तारखेची जागा कोरी आहे. फाइल कुठून चढली त्याची नोंद नाही. समजा, ही सगळी कॉम्प्युटरची गडबड. पण मग ते गाणं भरलं कुणी? त्या काळी ह्या घरात टेप नव्हता. दुकानात एक रेडिओ होता आणि तो फक्त सासरे लावायचे. घंटीतल्या चिंधीची गोष्ट आम्हा दोघींशिवाय कुणाला ठाऊक होती? मशीन परत करताना अक्कांनी ती स्वतःच्या हातानं उपसून काढली होती, क्लासवाला ओरडेल म्हणून.

तुमच्यापैकी कुणाला कॉम्प्युटरमधलं कळत असेल तर जरूर कळवा, मी वाचीन. दुपारी नाही, सकाळी वाचीन.

आता मी दर आठवड्याला बॅकअप घेते, ऑडिओसकट. रेखाची भाकरी पुन्हा गाण्यावर होते. कै. लावायचं मी सोडून दिलं. कुणाच्या नावाआधी लावणार? मधे सरूबाई येऊन विचारून गेली, "ही नीलव्वा कोन नवीन आली वं साइटीवर?"

"आहे एक. उमरग्याकडची."

"गाती ब्येस."

"व्हय," मी म्हणाले.

बायका अजून म्हणतात की सुमनताई एकदाही रडली नाही. खरं आहे. अजूनही काही होत नाही. ती सुई उतरलीच नाही. दुपारी मी गुळाच्या खोलीत येते, ते नाव नसलेलं गाणं लावते आणि बसते. थोड्या वेळानं बोटं आपोआप टेबलाच्या कडेवर चालू लागतात. महोदय, वरील विषयास… आणि पुढच्या शब्दाला डावी करंगळी अडखळते. तिकडं ती दोन वेण्यांची पोरगीही तिथंच अडखळते. आम्ही दोघी जरा थांबतो, तेच अक्षर पुन्हा हाणतो, आणि पुढं निघतो. अक्का गातच असतात.